कंटाळा येतो की आपण करतो?

लहानपणी आई म्हणायची, ‘‘कंटाळा करू नकोस.’’ मी म्हणायचो, ‘‘मी कुठे करतोय? मला आलाय.’’ या दोन क्रियापदांमधलं अंतर मला दिसलं ते पुष्कळ वर्षांनी, इगतपुरीच्या धम्मगिरीवर, दहा दिवसांच्या विपश्यना शिबिरात.

पहाटे ४ वाजता घंटा. दिवसभरात दहाएक तास बैठक. फोन, पुस्तक, कागद-पेन, बोलणं, सगळं बंद. पहिले तीन दिवस एकच काम : नाकपुड्यांपाशी येणारा-जाणारा श्वास बघायचा. तिसऱ्या दिवशी दुपारी कंटाळा असा दाटून आला, की उठून पळावंसं वाटलं. एरवी हात आपसूक खिशाकडे जातो. इथे खिसा रिकामा. मग नाइलाजानं कंटाळ्याकडेच बघू लागलो.

तो डोक्यात असेल असा माझा समज होता. सापडला तो छातीच्या खाली, बारीक चुळबुळीसारखा. जबडा आवळलेला, श्वास अर्ध्यावर अडकलेला. पाठोपाठ चित्रं : पाच वाजताचा चहा, कुरमुरे, घरचा झोपाळा. मन रिकामं मुळीच नव्हतं. त्याला इथून निघायची घाई झाली होती. चुळबुळ आली होती खरी, पण तिच्यामागे धावत सुटणं हे माझं करणं होतं. बघत राहिलो तशी ती ओसरली. पुन्हा आली, पुन्हा ओसरली.

ही घाई किती जबर असते! मानसशास्त्रज्ञ टिमथी विल्सन आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात एक प्रयोग मांडला. माणसांना १५ मिनिटं एकटं बसवलं. सोबत फक्त विजेचा झटका देणारं बटण. हा झटका टाळायला पैसे मोजू, असं याच लोकांनी आधी सांगितलं होतं. तरी १८ पुरुषांपैकी १२ जणांनी आणि २४ स्त्रियांपैकी ६ जणींनी तो स्वतःला देऊन घेतला. हे वाचून मला त्यांची कणवच आली. मीही तोच माणूस आहे.

प्रत्येक वेळी असं बघत बसावं, असं मी म्हणत नाही. कामाचा वीट आला असेल तर काम बदलावं. परगावी करमत नसेल तर घरी फोन करावा. कंटाळा येणं, वीट येणं, न करमणं हे शब्द आपल्या भाषेनं वेगळे ठेवलेत, ते उगाच नाही.

गेल्या रविवारी दुपारी लेक म्हणाली, ‘‘बाबा, बोअर होतंय.’’ मी टॅब द्यायला उठलो, आणि थांबलो. ‘‘कुठे होतंय?’’

तिने डोळे मिटले. बराच वेळ शोधलं.

‘‘पायांत,’’ ती म्हणाली.