मनूचा घडा आणि तळाचे मासे

घरच्या फिशटँकमध्ये तळाशी राहणारे, शेवाळ खाणारे मासे आणले जातात ते बहुतेक वेळा कामासाठी. काचेवर हिरवा थर धरला, गोटे बुळबुळीत झाले, की दुकानदार प्लास्टिकच्या पिशवीत एक सकर घालून देतो आणि आता टाकी साफ राहील असे सांगतो. रंगीत मासे पाहण्यासाठी, तळाचे मासे राबण्यासाठी, अशी ही वाटणी असते. एका जिवाला आपल्या सोयीसाठी पाण्याच्या पेटीत ठेवावे का, ठेवलेच तर त्याचे काय देणे लागते, आणि ते देणे कधी फिटते, हा धर्मविचारातला जुना प्रश्न आहे. लोणावळा-मावळात तो अधिक टोचतो, कारण तिथे घरातली टाकी आणि इंद्रायणीचा प्रवाह यांत एखाद्या ओढ्याचेच अंतर असते.

'शेवाळ खाणारा' हे नाव एक असले तरी त्याखाली येणाऱ्यांचे स्वभाव एकमेकांशी जुळत नाहीत. ओटोसिंक्लस हा जेमतेम दीड-दोन इंचांचा, गरीब मासा. पाच-सहा जणांच्या सोबतीत राहिला तरच तो निर्धास्त असतो, एकटा पडला की पानाआड दडून राहतो. ब्रिसलनोज पाच-सहा इंचांचा होतो, लाकूड खरवडतो, पण त्याचे दोन नर एका लहान टाकीत ठेवले की एका बिळावरून त्यांची जुंपते. चायनीज अल्गी ईटर लहानपणी काच चाटतो. मोठा झाला की त्याला जागेचा हक्क सुचतो, शेवाळातला रस कमी होतो, आणि तो चपट्या, संथ माशांच्या अंगाला चिकटून त्यांच्या खवल्यांवरचा चिकट थर ओरबाडून खातो. रेड टेल शार्क आपल्यासारखे दिसणाऱ्या कुणालाही तळाशी फिरकू देत नाही. कोरिडोरसला लोक शेवाळखाऊ समजतात, प्रत्यक्षात तो वाळूत तोंड खुपसून उरलेसुरले टिपतो; शेवाळावर त्याचे पोट भरत नाही. मग उरतो साधा सकर. दुकानात तो बोटाएवढा असतो, आणि पुरेशी जागा मिळाली तर एक ते दीड फुटापर्यंत वाढतो.

यांतले दोन-तीन एकत्र ठेवायचे तर जागा तळाची मोजावी लागते. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टाकीत सुमारे 56 लिटर पाणी मावते; त्यात वरच्या थरात दहा छोटे मासे सुखाने राहतील, पण तळ फक्त दोन चौरस फूट. तळाच्या माशांचे जग तेवढेच. एकाने पळून जायचे ठरवले तर जाणार कुठे? म्हणून लाकूड, कपारी, मातीच्या कुंडीचे फुटके तुकडे हवेत, आणि प्रत्येकाला दुसऱ्याच्या नजरेआड होता येईल अशी एक जागा हवी.

दुसरी बाब भुकेची. टाकी स्वच्छ झाली की साफ करणाऱ्याचे अन्न संपते, हे बहुतेकांच्या ध्यानातच येत नाही. तळाचा मासा काचेला तोंड लावून चिकटतो, तेव्हा बाहेर बसलेल्याला त्याचे पोट दिसते. इतर मासे आपली बाजू दाखवतात. हा एकटाच आपले पोट घरच्यांपुढे धरतो. ओठांची चकती उघडझाप करते, कल्ले हलतात, आणि मधे ते पांढुरके पोट. ते भरलेले, किंचित फुगीर असेल तर ठीक. खपाटीला गेले असेल तर त्या घरात काकडीची चकती, उकडलेली पालकाची पाने किंवा दुधीचा तुकडा रात्री तळाशी ठेवायला हवा होता आणि तो ठेवला गेला नाही. पाळणाऱ्याच्या नीतीची याहून सोपी परीक्षा नाही.

माशाला दुःख होते का, या शंकेचे उत्तर भारतीय परंपरांनी फार पूर्वी देऊन ठेवले आहे. जैन विचारात जीवांची प्रतवारी इंद्रियांवरून केली जाते. शेवाळ एकेंद्रिय, मासा पंचेंद्रिय, म्हणजे स्पर्श, रस, गंध, दृष्टी आणि श्रवण ही पाचही त्याच्यापाशी. 2003 साली ब्रिटनमधील संशोधकांनी ट्राउट माशाच्या डोक्याच्या भागात इजा टिपणारे मज्जातंतू असल्याचे दाखवले. मासा हा सफाईचे साधन नाही, एवढे दोन्हीकडून ठरते.

पण 'ठेवूच नये' एवढ्याने विषय संपत नाही, कारण परंपरेतली माशाची सर्वांत प्रसिद्ध गोष्ट एका पाळलेल्या माशाची आहे. शतपथ ब्राह्मणात मनू सकाळी हात धुवायला पाणी घेतो, तेव्हा त्याच्या ओंजळीत एक इवलासा मासा येतो. मला सांभाळ, मी तुला तारीन, असे तो म्हणतो. लहान असेपर्यंत आमच्यावर मोठे संकट असते, कारण मासाच माशाला गिळतो, हे त्याने दिलेले कारण. पुढे तो स्वतःच्या संगोपनाचा सगळा क्रमही सांगून टाकतो: आधी घड्यात ठेव, घडा पुरेनासा झाला की खड्डा खणून त्यात ठेव, तोही पुरेनासा झाला की समुद्रात ने. महाभारताच्या वनपर्वात हीच गोष्ट माठ, विहीर, गंगा आणि समुद्र अशा पायऱ्यांनी येते. कथा लक्षात राहते ती प्रलयामुळे आणि नौकेमुळे. मत्स्यावतार म्हणून ती कीर्तनात रंगते तेव्हाही हा घड्याचा भाग दोन वाक्यांत उरकला जातो. तो उरकण्यासारखा नाही. आपण वाढणार आहोत हे मासा पहिल्याच दिवशी सांगतो, आणि मनू ते ऐकून मग त्याला घड्यात घेतो. पुढे प्रत्येक वेळी घडा बदलतो, मनूचे कर्तव्य तसेच राहते. आजचा सकरही वाढणार आहे हे दुकानात ठाऊक असते. टाकीएवढाच मासा वाढतो, ही समजूत सर्वत्र आढळते. ती खरी नाही. लहान टाकीत त्याची वाढ खुंटते ती घाण पाण्याने आणि कोंडमाऱ्याने, आणि खुंटलेला मासा अकाली मरतो.

मनूच्या माशाने सांगितलेल्या भीतीला पुढे शास्त्रात नाव मिळाले: मत्स्यन्याय. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात तो राज्यशास्त्राचा पाया आहे. दंड धरणारा नसेल तर बलवान दुर्बलाला गिळतो. नदीत हा न्याय चालतो, पण तिथे दुर्बलाला पळायला वाव असतो, उथळ पाणी असते, दगडाची फट असते. टाकीत पळवाट नाही. तिथे मत्स्यन्याय माणसाने मांडून दिलेला असतो. चायनीज अल्गी ईटर आणि संथ गोल्डफिश एका टाकीत घातले आणि गोल्डफिशच्या अंगावर लाल चट्टे उठले, तर तो निसर्गाचा नियम म्हणून सोडून देता येत नाही. कुणाला कुणाशेजारी ठेवायचे हे ज्याने ठरवले, राज्य त्याचे आणि दोषही त्याचा.

या विषयातली खरी अडचण मात्र क्रौर्यातून येत नाही, ती दयेतून येते. सकर फूटभर झाला, टाकीत वळता येईना, फिल्टर पुरेना; मग कुणीतरी त्याला बादलीत घालून नदीवर नेतो आणि हात जोडून पाण्यात सोडतो. बंधनातून एक जीव सुटला, अभयदान दिले, असे वाटून तो घरी परततो. जीवदयेची ही भावना खोटी नसते. चीन आणि तैवानमधील बौद्ध समाजात तर प्राणी सोडणे हा रूढ पुण्यविधी आहे, आणि तिथेही परके मासे व कासवे त्या वाटेने स्थानिक पाण्यांत पसरली आहेत.

सोडलेला सकर दक्षिण अमेरिकेतला. अंगावर चिलखतासारखे हाडांचे पट्टे, परांना काटे, आणि पाण्यातला प्राणवायू कमी झाला तर वर येऊन हवा गिळण्याची सोय. त्यामुळे जिथे इतर मासे तडफडतात त्या सांडपाण्यात तो तगतो. विणीसाठी तो काठात बिळे करतो. कुरवंड्याजवळ उगम पावणारी इंद्रायणी लोणावळा, कामशेत, तळेगाव, देहू, आळंदी करत तुळापूरला भीमेला मिळते, आणि भीमा पुढे उजनीच्या जलाशयात शिरते. उजनीत हा मासा आता मच्छीमारांच्या डोकेदुखीचा विषय आहे. काट्यांनी जाळी फाटतात, आणि बाजारात त्याला गिऱ्हाईक नाही. लोक त्याच्या आकारावरून त्याला हेलिकॉप्टर म्हणतात. पुण्यासाठी सोडलेल्या जिवाची किंमत ज्याने तो सोडला नाही असा कोळी भरतो.

इथे दोन जुने निकष उपयोगी पडतात. गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाची प्रतवारी देश, काळ आणि पात्र यांवरून केली आहे. योग्य स्थळी, योग्य वेळी, योग्य पात्राला दिलेले दान सात्त्विक, आणि अयोग्य स्थळी-वेळी दिलेले तामस. अभयदानही दानच असल्याने त्याला देशाचा विचार चुकत नाही. ॲमेझॉनच्या माशाला इंद्रायणीचा देश दिला तर दान देशातच चुकते. दुसरा निकष उमास्वातीच्या तत्त्वार्थसूत्रातला. तिथे हिंसेच्या व्याख्येत प्रमाद, म्हणजे बेसावधपणा, मुळाशी ठेवला आहे. मनात दया असूनही मागचापुढचा विचार न करता केलेली कृती त्या व्याख्येतून सुटत नाही. आळंदीच्या ज्ञानेश्वरांनी ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात अहिंसेचे जे लांबलचक विवेचन केले आहे तेही या बाबतीत कमालीचे बारकाईचे आहे. पाण्यातून जाताना लाटही मोडू नये इतक्या जपून पाऊल टाकणारा साधक तिथे दिसतो, आणि एकाला वाचवण्यासाठी दुसऱ्याचा जीव घेणाऱ्या धार्मिक उपचारांवर तिथेच कठोर टीकाही आहे. त्या टीकेची धार नदीत सोडलेल्या सकरालाही लागू पडते.

चूक फक्त अजाण माणसाच्या हातून होते असेही नाही. लोणावळ्यात वळवण येथे टाटा पॉवरच्या केंद्रात 1970च्या दशकापासून महाशीर माशाची पैदास होते. आटत चाललेल्या जातीला हात देण्याचे हे काम मोठे आहे. 1839 साली साईक्स या अभ्यासकाने मुळा-मुठेतल्या ज्या माशाला खुद्री हे नाव दिले, तोच हा दख्खनचा महाशीर. त्याची पिल्ले कावेरीतही सोडली गेली. पुढे अभ्यासकांना तिथला स्थानिक, पाठीवर उंचवटा असलेला महाशीर झपाट्याने मागे पडत असल्याचे आणि बाहेरून आलेल्याने त्याची जागा घेतल्याचे आढळले. 2018 साली त्या कावेरीच्या माशाची नोंद अतिसंकटग्रस्त जातींत झाली. एकाच राष्ट्रातल्या, एकाच घाटमाथ्यावरून निघणाऱ्या नद्या, हेतू निर्मळ, हात जाणकार. तरीही देश चुकला. नदी म्हणजे नुसते पाणी नव्हे, हे यातून जितके कळते तितके कुठल्या उपदेशातून कळत नाही.

मासा आणि माणूस यांच्या नात्याची आणखी एक रीत इंद्रायणीच्या खोऱ्यात आहे. देहूच्या डोहातल्या माशांना पिढ्यान्‌पिढ्या कुणी हात लावला नाही. खोऱ्याबाहेर, महाडजवळच्या वाळणकोंडात आणि वाड्याजवळच्या तिळशातही महाशीर असेच देवाचे मानले जातात. इथे घडा नाही, मालक नाही. मासा आपल्या जागी राहतो आणि माणूस आपला हात आवरतो. टाकीतल्या पाळण्याहून ही रीत श्रेष्ठ आहे, यात शंका नसावी. पण तीही पाण्यावर अवलंबून आहे. जाळे टाकायला बंदी असलेल्या डोहात वरून मैलापाणी आले तर देवाचा मासाही गुदमरतो, आणि इंद्रायणीत मेलेले मासे तरंगल्याचे अलीकडे अनेकदा पाहावे लागले आहे.

इथल्या ओढ्यांना स्वतःचा तळाचा शेवाळखाऊ मासा आहेच. साईक्सने त्याचे मुल्या हे नाव शास्त्रीय नावातही राखले: गारा मुल्या. पावसाळ्यात घाटमाथ्यावरच्या काळ्या खडकावरून पाणी पातळ चादरीसारखे धावते, तिथे तो हनुवटीखालच्या चकतीने दगड पकडून राहतो. बोटभर लांब, दगडाच्याच रंगाचा. पाणी त्याच्या पाठीवरून फुटून दोन्ही बाजूंनी निघून जाते, आणि तो तोंडाने शेवाळ खरवडत राहतो. परका सकर नको तर हा देशी मासा टाकीत आणावा, असा विचार काही हौशी करतात. त्याला वाहते, थंड, प्राणवायूने भरलेले पाणी लागते; साध्या पंपाच्या बुडबुड्यांवर तो जगला तरी ते जगणे त्याच्या खडकावरच्या जगण्याची नक्कल असते. ओढ्यातून उचलून आणण्याला तर मनूच्या गोष्टीचाही आधार नाही. तिथे मासा स्वतः आश्रय मागत आला होता.

मोठ्या झालेल्या सकराचे काय करावे, हा प्रश्न मग उरतोच. दुकानदार परत घेत असेल किंवा मोठ्या टाकीचा कुणी माणूस मिळाला तर उत्तम. काही देशांतले पर्यावरणतज्ज्ञ नदीत सोडण्यापेक्षा त्याला वेदनारहित मरण द्यावे असे सुचवतात. वारकरी किंवा जैन घरात हे पचणार नाही, आणि पचावे असा आग्रहही धरू नये. मग मनूचा दुसरा टप्पा उरतो, खणलेल्या खड्ड्याचा. मावळातल्या अनेक घरांच्या अंगणात सिमेंटचा हौद असतो. सकर दहा-पंधरा वर्षे सहज जगतो, तेवढी वर्षे त्या हौदात सावली, पुरेसे पाणी आणि रोजची काकडी किंवा पालक एवढे त्याला लागते. आणि आषाढात मावळचा पाऊस लागला की हौद भरून वाहतो, त्याचे पाणी नाल्याला आणि नाला इंद्रायणीला मिळतो. म्हणून ओसंडण्याच्या पाइपच्या तोंडाला मृगापूर्वीच बारीक जाळी पक्की बांधावी लागते.