ढिगारा उपसल्यानंतर

संकट आले की माणसे एकत्र येतात, असे आपण नेहमी म्हणतो आणि तसे म्हणताना आपल्याला समाधानही वाटते. पण ही एकता कोणत्या प्रतीची असते? भयाने एकमेकांना बिलगलेल्या जिवांची ती केवळ घटकाभराची सोबत तर नव्हे? राष्ट्रीय एकात्मतेचा विचार करताना हा प्रश्न टाळून चालणार नाही, असे आम्हांला वाटते.

१९९३ हे साल आठवून पाहावे. त्या वर्षाच्या आरंभी मुंबईत दंगलींचा आगडोंब पुन्हा उसळला. डिसेंबर १९९२ व जानेवारी १९९३ या दोन महिन्यांत मिळून सुमारे ९०० माणसे प्राणांस मुकली. १२ मार्चच्या बॉम्बस्फोटांनी आणखी २५७ बळी घेतले. दारावर थाप पडली की नाव विचारून कडी काढायची, असे ते दिवस होते. त्याच वर्षी ३० सप्टेंबर रोजी, गणेशविसर्जन आटोपून माणसे निजली असताना, पहाटे चारच्या सुमारास लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्याची भूमी हादरली. किल्लारी, सास्तूर आणि आसपासची गावे क्षणार्धात कोसळली. शासकीय गणनेप्रमाणे जवळजवळ ८,००० माणसे दगावली.

वर्षारंभी दुभंगलेला तोच महाराष्ट्र आता धान्य, कपडे व औषधे घेऊन मराठवाड्याकडे धावला. सैन्याच्या जवानांनी ढिगारे उपसले. देशाच्या कानाकोपऱ्यांतून मदत आली. ढिगाऱ्याखालून येणाऱ्या कण्हण्याला जात नसते, धर्म नसतो. ते ऐकणाऱ्यालाही त्या क्षणी आपली जात आठवत नाही.

मग ही एकता भूकंपाने निर्माण केली, असे म्हणावे काय? तसे म्हणणे आम्हांला क्रूरपणाचे वाटते. आठ हजार माणसे आपल्याला धडा मिळावा म्हणून मेली नाहीत. शिलोह येथील बुरूज कोसळून अठरा माणसे ठार झाल्याचा उल्लेख संत लूकच्या शुभवर्तमानात आहे. ती माणसे इतरांहून अधिक पापी होती, हा समज प्रभू येशूने स्पष्टपणे नाकारला. मृतांना दोष न देता त्याने जिवंतांनाच पश्चात्तापाचे आवाहन केले. आपत्तीचा अर्थ मृतांच्या माथी न मारता जिवंतांनी आपल्या आचरणातून द्यावयाचा असतो.

आमच्या मते करुणा ऑक्टोबरमध्ये जन्मली नाही. ती जानेवारीतही होती. आड होत्या त्या भिंती. किल्लारी परिसरातील माणसांचा घात मुख्यत्वे त्यांच्या घरांनीच केला. दगडमातीच्या रुंद भिंती आणि मातीचे जड धाबे त्यांच्यावर कोसळले. उन्हापासून रक्षण व्हावे म्हणून उभारलेला निवाराच त्यांची कबर ठरला. जातीच्या व धर्माच्या भिंतीही आपण रक्षणासाठीच उभारतो ना?

खरी कसोटी लागते ती ढिगारा उपसल्यानंतर. सर्वाधिक हानी झालेली ५२ गावे नव्या जागी वसविण्यात आली. तेथे घरांचे आकार तीन ठरले: २५०, ४०० व ७५० चौरस फूट. कोणाला कोणते घर मिळावे, हे त्याच्याकडे पूर्वी किती जमीन होती यावरून ठरले. ज्याचे अधिक गेले त्याला अधिक द्यावे, हा व्यवहार समजण्याजोगा आहे; एवढे मोठे काम कोणत्या तरी मोजपट्टीशिवाय होत नाही. तरीही मन विचारते, भूमिहीनाच्या घरात गाडले गेलेले मूल बागाईतदाराच्या मुलाहून उणे होते काय? दुःखाने एकाच मापाने मोजलेली माणसे पुन्हा तीन मापांत विभागली गेली.

संत पौल करिंथकरांना शरीराचा दृष्टान्त देतो. एका अवयवाला वेदना झाली की सारे शरीर व्याकूळ होते, एवढेच सांगून तो थांबत नाही. जे अवयव दुबळे दिसतात त्यांना अधिक मान मिळाला पाहिजे, असे त्याचे म्हणणे आहे. राष्ट्रालाही हेच लागू पडते. संकटाच्या रात्री किती हात पुढे आले, यावरून त्याची एकता अर्धीच कळते. पुनर्वसनाच्या यादीत शेवटचे नाव कोणाचे आणि त्याच्या वाट्याला काय आले, हे पाहिल्यावर उरलेली अर्धी कळते.

आपल्या धर्मग्रामांतील कुटुंबे आपद्ग्रस्तांसाठी उदारपणे दान देतात, याचा आम्हांला आनंद आहे. पण दूरच्या पीडिताला धाडलेली मदत आणि जवळच्या परक्याला दिलेली जागा यांत दुसरी गोष्ट अधिक कठीण आहे. परप्रांतातून आलेला मजूर, अन्य धर्माचे भाडेकरू कुटुंब, गावाच्या टोकाशी राहणारा आदिवासी यांच्याशी आपण शांततेच्या दिवसांत कसे वागतो? घराघरांतून संध्याकाळची रोझरी झाल्यावर या प्रश्नाचा प्रामाणिकपणे विचार व्हावा. पुढच्या भूकंपाची वाट न पाहता एखादी भिंत आपल्या हातांनी उतरविणे आजही शक्य आहे.