एका पिक्सेलची रेघ

आधी थोडं बसू या. संगणक चालू असू द्या, पण माउसला हात नको.

पडद्यावर एक पान उघडलेलं आहे. कागदी विमानाचं, अजून न कापलेलं. मिग-२१. पंख वेगळे, शेपूट वेगळी, धड पाच-सहा तुकड्यांत उलगडून आडवं पसरलेलं. प्रत्येक तुकड्याच्या कडेला चिकटवायची पट्टी आहे. हे कुणीतरी, तुम्ही कधीही न भेटलेल्या माणसानं, मोजून आखलेलं आहे. पोलंडमध्ये अशा कागदी प्रतिकृतींची मोठी परंपरा आहे आणि १:३३ हे तिथलं रुळलेलं प्रमाण. हे विमानही त्याच प्रमाणातलं. पंखांवर पोलिश हवाई दलाची लाल-पांढरी चौकट दिसते.

आपल्याला हे विमान ओझरला आणायचं आहे, म्हणजे पोलिश खुणा पुसून त्याला भारतीय रूप द्यायचं आहे.

मिग-२१ भारतीय हवाई दलात १९६३ साली आलं. पुढच्याच वर्षी नाशिकजवळ ओझरला हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा कारखाना उभा राहिला आणि नंतर परवान्याखाली ही विमानं इथं बांधली जाऊ लागली. सहाशेहून अधिक बांधली गेली. आमच्या भागात कुणी कारखान्याचं पूर्ण नाव घेत नसे. ‘मिगमध्ये कामाला आहेत’ म्हटलं की कळायचं. लहानपणी द्राक्षबागेत उभं राहून वर पाहायचो, पण नजर नेहमी चुकायची. आवाज येई त्या दिशेनं पाहावं तर तिथलं आकाश रिकामं. विमान केव्हाच पुढे गेलेलं. २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगढला हवाई दलानं मिग-२१ला निरोप दिला. आता ते आकाशात दिसायचं नाही. पण या पानावर ते थांबलेलं आहे. जे कधी नजरेत मावलं नाही, ते पाहायला आज सगळी रात्र आहे.

आता माउस हातात घ्या. मूळ पानाला मात्र धक्का लावू नका. गिंप या चित्र-संपादनाच्या प्रोग्रॅममध्ये ते सर्वांत खालचा थर म्हणून ठेवा आणि त्याला कुलूप घाला. आपलं सगळं काम त्याच्यावरच्या थरांत होईल. केव्हाही वरचे थर मिटवले की खाली त्या अनोळखी माणसाची रेघ जशीच्या तशी असली पाहिजे.

पहिलं काम पुसण्याचं. पोलिश चौकट जवळ आणून पाहा. तिच्याखालून पत्र्याचा एक सांधा गेलेला आहे. चौकटीवर सरळ राखाडी रंग ओतला तर सांधाही जाईल आणि तिथं पंखावर एक गुळगुळीत, आंधळा ठिपका उरेल. म्हणून शेजारचा पत्रा उचलून थोडा थोडा आणायचा, सांधा चौकटीच्या एका कडेला जिथं शिरतो तिथून दुसऱ्या कडेला जिथं बाहेर पडतो तिथवर पुन्हा आखायचा. एका चौकटीला अर्धा तास लागतो. लागू द्या. खूण काढायची आहे, पत्रा नाही.

आता रेघेकडे येऊ. माझ्या मते सगळं काम इथंच तरतं किंवा बुडतं.

ए४ कागद इंचाला ३०० ठिपक्यांनी उघडला की तो २४८० बाय ३५०८ पिक्सेलांचा होतो. त्यातला एक पिक्सेल कागदावर जेमतेम ०.०८५ मिलिमीटरचा. त्याला ३३नं गुणा. २.८ मिलिमीटर. म्हणजे तुमचा लहानात लहान ठिपका खऱ्या विमानावर पावणेतीन मिलिमीटर जागा व्यापतो. खऱ्या विमानाच्या दोन पत्र्यांमधली फट एक-दोन मिलिमीटरची असते. या आकड्यांपाशी जरा थांबा. सर्वांत बारीक रेघसुद्धा आधीच जाड आहे.

मग तीन पिक्सेलांची काळीभोर रेघ म्हणजे काय झालं? जवळजवळ साडेआठ मिलिमीटरची भेग. विमानाच्या अंगावर अशा शंभर भेगा. अनेक जण हौसेनं तेच करतात. विमान ठसठशीत दिसतं, आणि ठसठशीत दिसतं म्हणूनच खोटं वाटतं.

एक साधा प्रयोग करा. डोळे मिटा. एसटी स्टँडवर तुम्ही उभे आहात आणि वीस मीटरवर एक लाल गाडी उभी आहे. तिच्या पत्र्यांचे सांधे दिसतात का? रिव्हेट दिसतात? दिसतात असं म्हणता येत नाही. आहेत एवढं जाणवतं. कुठं लाल किंचित मळकट, कुठं एक पत्रा शेजारच्यापेक्षा नवा. वीस मीटरच का म्हणालो? १:३३ची प्रतिकृती तुम्ही साठ सेंटिमीटरवरून, हातभर अंतरावरून पाहणार. साठ सेंटिमीटरला ३३नं गुणलं की वीस मीटर होतात. म्हणजे रेघ अशी हवी, की एसटीच्या सांध्यासारखी ती फक्त जाणवावी. एक पिक्सेल जाडीची, आणि शेजारच्या रंगापेक्षा एखादी छटाच गडद. त्यासाठी सांध्यांचा थर ‘मल्टिप्लाय’वर ठेवा आणि त्याची गडदता कमी करत न्या. रेघ दिसेनाशी होईपर्यंत खाली जा, मग तिथून एक पायरी वर या. तिथं सोडून द्या.

आता पत्रा. ओझरची सुरुवातीची विमानं, हवाई दलात ज्यांना ‘टाइप ७७’ म्हणत ती मिग-२१ एफएल, धातूच्या उघड्या रंगात असत. १९७१च्या युद्धाच्या सुमारास त्यांतल्या अनेकांची चकाकी झाकायला हिरवा-तपकिरी रंग चढवला गेला. तोही करून पाहण्यासारखा आहे, पण आज धातूच घेऊ, कारण तो अवघड आहे. प्रिंटरकडे धातू नाही. त्याच्याकडे चार शाया आणि कागदाचा पांढरा, एवढंच.

नुसता राखाडी ओतला की सिमेंट दिसतं. ॲल्युमिनियमला स्वतःचा रंग फार थोडा. तो आजूबाजूचं पांघरतो. म्हणून धडाच्या वरच्या बाजूला निळसर छटा, जेमतेम. पोटाला धावपट्टीची धूसर ऊब. प्रत्येक पत्रा वेगळा निवडा आणि त्याला शेजाऱ्यापेक्षा दोन-तीन टक्के उजळ किंवा गडद करा. सगळे पत्रे एकाच दिवशी, एकाच हातानं बसवलेले नसतात, आणि प्रत्येकाचा उजेड थोडा वेगळा परततो. शेपटीकडे, इंजिनाच्या तोंडाशी, धातू तापून रंग बदलतो: आधी गवती, मग तपकिरी, मग निळसर. नाकाचा शंकू मात्र राखाडी करू नका. त्याच्या आत रडार आहे. त्याच्या लहरी बाहेर जायच्या तर तिथं धातू चालत नाही, म्हणून तो भाग वेगळ्या पदार्थाचा आणि बहुतेकदा हिरवा असतो. शेपटीच्या टोकालाही तसंच. विमानावरचा रंग असा कारणाशी बांधलेला असतो; कारण कळलं की तो लक्षात ठेवावा लागत नाही.

सावल्या फार रंगवू नका. हा कागद उद्या गोल वळणार आहे, तुमच्या खोलीतला दिवा त्यावर खरी सावली पाडणार आहे. त्या सावलीला जागा ठेवा.

आता आपल्या हवाई दलाचं चक्र: मधे हिरवा, मग पांढरा, बाहेर केशरी. पडद्यावरचा केशरी उजेडाचा असतो, कागदावरचा शाईचा. पडद्यावर झळकणारा केशरी कागदावर विटकरी उतरला की मन खट्टू होतं. म्हणून सहा छटांचे छोटे चौकोन आधी त्याच जाड कागदावर छापा आणि सकाळी खिडकीपाशी नेऊन पाहा. ट्यूबलाइटखाली निवडू नका. निवडलेल्या छटेत थोडा पांढरा मिसळा, कारण लहान वस्तूवर तोच रंग जास्त भडक वाटतो.

शेवटी क्रमांक. आपल्या बहुतेक मिग-२१चे क्रमांक इंग्रजी ‘सी’ अक्षरानं सुरू होत. पुढे सुधारलेल्या बायसनवर ‘सीयू’ आलं. क्रमांक धडाच्या ज्या तुकड्यावर येतो तो निमुळता आहे, म्हणून उलगडल्यावर तो पंख्यासारखा कमानदार दिसतो. क्रमांक त्यावर पानाला समांतर लिहिला तर विमानावर तिरका बसेल. त्या जागी विमानाची लांबी कोणत्या दिशेनं धावते ते कमानीवरून शोधा आणि अक्षरं तेवढी फिरवा. पानावर तिरकी दिसतील. विमानावर सरळ होतील.

पण कोणता क्रमांक? इथं हात थोडा थांबवा. मनानं आकडे रचू नका. विमानाचा स्पष्ट फोटो शोधा आणि त्याच्यावरचाच क्रमांक घ्या. प्रत्येक क्रमांक एका खऱ्या विमानाचा आहे. ते ओझरच्या शेडमध्ये कुणीतरी रिव्हेट मारून जोडलं होतं, कुणीतरी रोज पुसलं होतं, आणि त्याच्या खुर्चीत एक तरुण माणूस बसत होता. या विमानांच्या अपघातांत आपले अनेक वैमानिक गेले. तुम्ही निवडलेलं विमान सुखरूप निवृत्त झालं असेल, नसेलही. सापडेल तेवढं त्याच्याबद्दल वाचा, मगच अक्षरं टाका. १:३३मध्ये त्या खुर्चीतल्या माणसाची उंची पाच सेंटिमीटर भरते. तुमच्या करंगळीएवढी.

आता सगळे थर एकदा बंद करा. खालचं मूळ पान पाहा, मग एकेक थर उघडा: पत्रे, सांधे, ताप, चक्र, क्रमांक. सांधे अजूनही गडद वाटत असतील तर आणखी थोडे उतरवा.

छापताना ‘पानात बसवा’ हा पर्याय बंद ठेवा. तो चुकून सुरू राहिला की आकार बदलतो आणि तुमची १:३३ जाते. कागद १६० जीएसएमच्या आसपासचा घ्या. इंकजेटची शाई पाण्यानं फुटते आणि फेविकॉलमध्ये पाणी असतं. म्हणून पान सपाट ठेवून रात्रभर वाळू द्या, सकाळी त्यावर पारदर्शक लॅकरचा हलका फवारा मारा, आणि तो सुकल्यावरच कात्री हातात घ्या.