तीन झाकणं

बारामती-इंदापूर रस्त्यावर निमगाव केतकीत एका मिस्तरींचं गॅरेज होतं. पानमळेवाले, डाळिंबवाले, साखर कारखान्यावरचे कामगार, सगळ्यांच्या गाड्या तिथंच यायच्या. आषाढीच्या तोंडावर काम दुप्पट व्हायचं. तुकोबांची पालखी याच रस्त्यानं इंदापूरला जाते. त्या दिवसांत गाडी माणसांच्या गर्दीतून, पावलापावलावर थांबवत न्यावी लागते.

अशाच घाईत गावातले एक आबा मोटारसायकल घेऊन आले. पुढचा डिस्क ब्रेक चिकटत होता. कॅलिपरचं सील बदलावं लागणार हे त्यांना ठाऊक होतं, म्हणून येतानाच दोन पाकिटं आणली होती. एक कंपनीचं, बारामतीहून. दुसरं बाजारातलं, स्वस्त. बनवणाऱ्याचं नावसुद्धा नाही.

"दोन्ही रबरच की, मिस्तरी. स्वस्तातलं बसलं तर कंपनीचं परत करतो."

मिस्तरींनी वाद घातला नाही. कपाटातून तिसरं पाकीट काढलं. तेही कंपनीचं नव्हतं, पण त्यावर बनवणाऱ्याचं नाव आणि माप छापलेलं होतं. तीन झाकणांत ब्रेक ऑइल ओतलं, प्रत्येकात एकेक सील टाकलं आणि म्हणाले, "उद्या या."

सकाळी बिननावाचं सील फुगलं होतं. खाचेत बसेना. बाकीची दोन्ही जशीच्या तशी.

"ब्रेक ऑइल सोसणारं रबर वेगळं असतं, आबा. इंजिन ऑइल सोसणारं वेगळं. दिसायला दोन्ही काळीच." माल पारखायची याहून सरळ रीत मला तरी माहीत नाही.

"मग कंपनीचंच घाला," आबा म्हणाले. हाताखालच्या पोराला काम सांगून मिस्तरी एका बंद पडलेल्या गाडीकडे गेले. पोरानं पिस्टन काढला, जुनं सील उचकटलं, नवं बसवलं, ऑइल भरलं, निपल सोडून हवा काढली. लिव्हर कडक लागला. आबा खूश.

मिस्तरी परत आले आणि पुढचं चाक उचलून हातानं फिरवलं. अर्ध्या फेऱ्यात थांबलं.

कॅलिपर पुन्हा उघडला. सीलच्या खाचेत पांढरा, कडक थर तसाच होता.

"हे बघ," मिस्तरी पोराला म्हणाले, "लिव्हर दाबला की पिस्टन पुढं सरकतो आणि सील जरासं मुरडतं. सोडला की सील सरळ होतं, पिस्टनला मागं ओढतं. इथं स्प्रिंग नाही. खाचेत घाण राहिली तर सील आवळून बसतं, मुरडणार कुठं?"

"पण सील कंपनीचं होतं, काका."

"साफ खाच पाकिटात येत नाही."

आबा चुळबुळले. "ब्रेक लागतोय ना? असू द्या. पालखी गेल्यावर बघू."

"पॅड घासत राहिलं की डिस्क तापते, ऑइल तापतं. डॉट ४ चं नवं ऑइल २३० अंशांपर्यंत टिकतं. पण ते हवेतली ओल ओढतं, मग १५५ च्या आसपासही उकळू शकतं. वाफ झाली की लिव्हर मुठीला टेकतो आणि गाडी थांबत नाही. ब्रेक तुमच्या गाडीला आहे, आबा, पण समोर दिंडीतली माणसं असतात."

पोरगा खाली मान घालून खाच साफ करायला बसला. ओरखडा पडू नये म्हणून स्क्रू ड्रायव्हर बाजूला ठेवून लाकडाची काडी घेतली. पिस्टन उजेडात धरून गंजाचा खड्डा आहे का पाहिलं. सील पुन्हा बसवलं, हवा काढली. संध्याकाळी चाक मोकळं फिरलं.

आबांनी चावीसाठी हात पुढं केला. पोरानं चावी खिशात टाकली.

"कॅलिपर सरकतो त्या दोन पिना कोरड्या पडल्यात. साफ करून ग्रीस लावायचंय. गाडी उद्या न्या, आबा."

आबांनी मिस्तरींकडे पाहिलं. ते दुसऱ्या गाडीची चेन ताणण्यात गुंतले होते.

"चला," पोरगा म्हणाला, "मळ्यापर्यंत मी सोडतो तुम्हाला."