बाईंना कोण विचारणार?

फ्लोरिडातल्या टॅम्पा शहरात एक मसाज सेंटर होतं. थेरपिस्ट आठ-नऊ, आणि त्यांच्यावर देखरेख करणारी एक व्यवस्थापक. ती स्वतःही परवानाधारक थेरपिस्ट होती. तिथला कायदाच तसा आहे. सेंटरची जबाबदारी परवाना असलेल्या माणसाच्याच नावावर नोंदवावी लागते.

फ्लोरिडात मसाजचा परवाना दोन वर्षांचा असतो आणि विषम सालच्या 31 ऑगस्टला राज्यातल्या सगळ्या थेरपिस्टांची मुदत एकदमच संपते. त्याआधी 24 तासांचं प्रशिक्षण पुरं करायचं, त्यातले 2 तास उपचारातल्या चुका टाळण्याचे, आणि मग शुल्क भरायचं. विम्याचं तसं नाही. तो वर्षाचा, आणि ज्याने ज्या दिवशी काढला त्याप्रमाणे ज्याची त्याची तारीख वेगळी. त्यामुळे परवान्याची तारीख सगळ्यांना पाठ असते आणि विम्याची कुणाच्याच लक्षात राहत नाही. व्यवस्थापकाने त्यासाठी एक वही घातली होती. नव्या मुलांचे कागद ती स्वतः बघे. एकदा एका मुलाचा विमा आदल्या दिवशी संपलेला निघाला, तर नवा कागद येईपर्यंत तिने त्याला टेबलाजवळ जाऊ दिलं नाही. मुलगा रागावला, दिवसभराची कमाई बुडाली म्हणून कुरकुरला. ती हलली नाही.

त्याच सेंटरमध्ये एक ज्येष्ठ बाई होत्या. पाठदुखीने बेजार झालेली माणसं त्यांच्या हाताखाली यायला पंधरा-पंधरा दिवस थांबत. व्यवस्थापकाला हे काम शिकवलं तेही त्यांनीच. वहीत त्यांच्या नावापुढे ती कागद न बघताच बरोबरची खूण करी. बाईंना कोण विचारणार?

नूतनीकरणाच्या एका वर्षी बाईंनी प्रशिक्षणाचे तास वेळेत पुरे केले. शेवटी संगणकावर शुल्क भरताना बँकेचं कार्ड चाललं नाही, कारण कार्डाचीच मुदत संपली होती. पडद्यावरची सूचना त्यांनी वाचली नाही. झालं काम, असं समजून त्या उठल्या.

सप्टेंबरच्या मध्यावर गरम दगडांचा मसाज चालू असताना एका गिऱ्हाइकाची पाठ भाजली. अशी चूक कसलेल्या माणसाच्या हातूनही होते. विमा असतो तो त्यासाठीच. गिऱ्हाइकाने दवाखान्याचा खर्च मागितला आणि बाईंनी निर्धास्तपणे विमा कंपनीला कळवलं. पॉलिसी चालू होती, हप्ता भरलेला होता. कंपनीने दोनच गोष्टी विचारल्या: मसाज कोणत्या तारखेला झाला, आणि त्या तारखेला परवाना चालू होता का?

भिंत जोत्यावर उभी राहते, तसा विमा परवान्यावर उभा असतो. 31 ऑगस्टपर्यंत नूतनीकरण झालं नाही, की परवाना मुदतबाह्य ठरतो आणि त्यावर काम करणं हा तिथे कायद्याचा भंग होतो. कायदेशीर कामालाच संरक्षण, ही अट बाईंच्या पॉलिसीत होती. कंपनीने दावा नाकारला.

व्यवस्थापक त्यांच्या घरी गेली. तिचा आवाज फुटेना. "तुमच्याकडे कागद मागायची लाज वाटली मला," ती म्हणाली. "तुम्ही माझ्या गुरू."

बाई बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "त्या पोराला तू अडवलंस, तो चिडला, पण वाचला. मलाही राग आला असता. येऊ द्यायचा होतास. मला खूश ठेवणं तुझं काम नव्हतं गं, मला सांभाळणं होतं."

देखरेखीचं सगळं मर्म बाईंच्या या बोलण्यात आहे, असं मला मनापासून वाटतं. कागद मागितला की माणसाचा अपमान होतो, हा समज आपल्या मनात खोल रुजलेला आहे. म्हणून आपण परक्याला विचारतो आणि आपल्या माणसाला सोडून देतो. संकट मात्र कुणाचा मान मोठा हे बघून येत नाही. आणि चुकतं ते नेहमी हलगर्जी माणसाचंच नसतं. सगळं पुरं करून शेवटच्या पायरीवर राहून गेलेल्याचंही असतं. ते त्याच्या स्वतःच्या ध्यानात येत नाही, दुसऱ्याने बघितलं तरच येतं.

बाईंनी उशिराचं शुल्क भरून परवाना पुन्हा चालू करून घेतला आणि गिऱ्हाइकाचे पैसे स्वतःच्या बचतीतून फेडले. व्यवस्थापकाने वही बदलली. आता तोंडी उत्तर चालत नाही. राज्याच्या आरोग्य विभागाच्या संकेतस्थळावर कुणाच्याही परवान्याची स्थिती कुणालाही बघता येते. ती दर महिन्याला प्रत्येकाचं नाव तिथे घालून बघते, आणि 1 सप्टेंबरला पहिलं गिऱ्हाईक आत यायच्या आधी पुन्हा एकदा. विम्याचं प्रमाणपत्र मुदत संपायच्या दोन महिने आधीच मागते. दोन्ही तारखा पुढच्या असल्याशिवाय कुणाच्याही नावावर वेळ लागत नाही. सगळ्यात आधी ती बाईंचा कागद मागते, आणि बाई तो आधीच काढून ठेवतात.

तिचा स्वतःचा कागद तपासायचं काम तिने त्याच मुलाकडे दिलं, ज्याला एके काळी घरी बसवलं होतं. एका सकाळी तो वही घेऊन चाचरत आला. "मॅडम, तुमचा विम्याचा नवा कागद अजून आलेला नाही. जुना कालच संपला."

दहा वाजताचं तिचं गिऱ्हाईक आलेलं होतं. तिने ते बाईंकडे पाठवलं आणि विमा कंपनीला फोन लावला.