करदात्यांचे मत आणि डुलानीचा सवाल

महाराष्ट्रात महिलांना दरमहा पैसे देणारी 'लाडकी बहीण' योजना २०२४ मध्ये आली आणि एक जुना दावा पुन्हा जोरात मांडला जाऊ लागला. प्राप्तिकर आम्ही भरायचा आणि सरकार कोणाचे हे न भरणाऱ्यांनी ठरवायचे, हा कुठला न्याय? योजनेवर टीका अवश्य करावी, पैशापैशाचा हिशेब मागावा. पण मताधिकार करदात्यांपुरता असावा म्हणणारी सुशिक्षित मंडळी 'प्रतिनिधित्व नाही, तर कर नाही' ही अमेरिकन वसाहतींची घोषणा साक्षीला काढतात, तेव्हा गप्प राहणे मला शक्य नाही. या खटल्यात ती साक्ष त्यांच्या विरुद्ध जाते.

बोस्टनच्या बंदरात १६ डिसेंबर १७७३ रोजी चहाच्या ३४२ पेट्या पाण्यात गेल्या, हे आपल्याला पाठ असते. खरा वाद त्याआधी आठ वर्षे कागदावर लढला गेला. सात वर्षांच्या युद्धाने ब्रिटन कर्जबाजारी झाले होते, त्यात अमेरिकेतल्या फौजेचा खर्च. म्हणून मार्च १७६५ मध्ये पार्लमेंटने मुद्रांक कायदा केला. वर्तमानपत्र, पंचांग, खरेदीखत, मृत्युपत्र, पदवीचा कागद, सगळ्यावर सरकारी शिक्का हवा. पत्त्यांच्या एका कॅटवर एक शिलिंग, फाशांच्या जोडीवर दहा. वसाहतींचा एकही खासदार पार्लमेंटात नव्हता.

कायद्याचा मसुदा करणाऱ्या टॉमस व्हेटलीकडे उत्तर तयार होते. मत तर इंग्लंडातही बहुतेकांना नाही, मँचेस्टरला स्वतःचा खासदार नाही. तरी पार्लमेंट साऱ्या प्रजेचे प्रतिनिधित्व करतेच, तसेच ते अमेरिकेचेही करते.

हे उत्तर खोडून काढणारा माणूस मला त्या साऱ्या लढ्यात सर्वांत महत्त्वाचा वाटतो. मेरीलँडचा वकील डॅनियल डुलानी. त्याच वर्षी त्याने एक पुस्तिका काढली. तिच्यातला मुद्दा असा : मत नसलेल्या इंग्रजावर कर बसतो, तेव्हा तो मत असलेल्या इंग्रजावर आणि कर लावणाऱ्या खासदारावरही बसतो. जुलूम करायचा तर त्यांना स्वतःच्याही खिशात हात घालावा लागतो, आणि मतहीनाला तेवढे तरी संरक्षण मिळते. अमेरिकेवर लादलेल्या करात ते संरक्षण नाही. उलट, अमेरिकेकडून जितके वसूल होईल, तितका इंग्लंडच्या मतदाराचा भार हलका होतो. कर लावणारा आणि भरणारा वेगळा झाला, की लावणाऱ्याला आवर घालणारे काही उरत नाही. डुलानी बंडखोर नव्हता. पुढे स्वातंत्र्ययुद्धात त्याने साथ दिली नाही, त्याची मालमत्ता जप्त झाली. तरी त्याच्या युक्तिवादाची धार आजही बोथट झालेली नाही.

ती कसोटी आजच्या दाव्याला लावून पाहा. उद्या फक्त प्राप्तिकर भरणाऱ्यांनाच मत असेल, तर ते कोणता कर कमी करतील आणि कोणता वाढवतील? मोबाइलच्या रिचार्जवर १८ टक्के जीएसटी आहे. तो कारखानदार भरतो आणि रोजंदारीवर खुरपणी करणारी बाईही त्याच दराने भरते. तिचे मत काढून घेतले, तर प्राप्तिकर उतरेल आणि हा कर चढेल. तिला कर न भरणारी म्हणणे हेच मुळात असत्य आहे. मत नसलेल्यांवर असा कर आपल्याकडे चढलेलाही आहे : १९२३ मध्ये मध्यवर्ती विधानसभेने नाकारूनही व्हाइसरॉय रेडिंग यांनी आपल्या अधिकारात मिठावरचा कर दुप्पट केला. तो प्रत्येक चुलीने भरला, आणि त्या चुलींपुढच्या बहुतेकांना मतच नव्हते.

इथवर मी घोषणेची बाजू घेतली. आता तिच्याशीच भांडायला हवे. फेब्रुवारी १७८० मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या डार्टमथचे पॉल कफी आणि त्यांचे काही कृष्णवर्णीय सोबती यांनी विधिमंडळाकडे अर्ज केला : आमचे लोक या युद्धात लढले, आम्हाला मत नाही, मग आमच्याकडून कर का घेता? कफींचे वडील आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेले. स्वातंत्र्यवाद्यांची घोषणा आता त्यांच्याच दारात उभी राहिली. पण त्याच वर्षीच्या मॅसॅच्युसेट्सच्या राज्यघटनेने मतासाठी मालमत्तेची अट ठेवली. कर हा मताचा पाया मानला, की आधी किती कर हे विचारले जाते, आणि मग गरिबाला बाहेर ठेवायला तीच घोषणा कामी येते.

हाच प्रश्न आपल्याकडेही उठला होता. 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेतल्या गुलामी नष्ट करणाऱ्या लोकांना अर्पण करणारे जोतीराव फुले १८८२ मध्ये हंटर शिक्षण आयोगाला सांगत होते की, सरकारच्या महसुलाचा मोठा वाटा रयतेच्या कष्टातून येतो आणि त्याचा लाभ वरच्या वर्गांच्या शिक्षणाला होतो. भरणारा एक, घेणारा दुसरा. १९२८ मध्ये सायमन कमिशनपुढे डॉ. आंबेडकरांनी प्रौढ मताधिकार मागितला. तरी १९३५ च्या कायद्याने मालमत्ता, कर आणि शिक्षण यांच्या अटी कायम ठेवल्या. त्या अटी भारतीय राज्यघटनेच्या कलम ३२६ ने मोडल्या.

म्हणून माझे म्हणणे एवढेच. ज्याच्यावर राज्याचा कायदा चालतो, त्याला त्या कायद्यावर बोलण्याचा हक्क आहे. कराची पावती हा हक्क देत नाही आणि पावती नसली म्हणून तो जातही नाही. प्राप्तिकर भरणाऱ्याने हिशेब जरूर मागावा, पण खुरपणी करणाऱ्या त्या बाईशेजारी रांगेत उभे राहून, एका मताचा धनी म्हणून.