मागचा जिना

मुंबईत जुनी घरं विकणाऱ्या जाहिरातींची एक ठरलेली भाषा आहे. दादर हिंदू कॉलनी, शांत गल्ली, झाडांची सावली, युद्धाच्या आधीची इमारत, उंच सीलिंग, ओरिजिनल मोझॅकच्या फरशा, बर्मा टीकची दारं-खिडक्या, आणि हे सगळं 'फुल्ली रिनोव्हेटेड'. शेवटी आकडा, कोटींमध्ये. आकडा पाहून आपण फोन खाली ठेवतो आणि दोन मिनिटांनी फोटो पुन्हा बघायला उघडतो.

माझी मावसबहीण वर्षभर घर शोधत होती. ती मला लिंक पाठवायची, मी मत द्यायचो. नव्या टॉवरमधल्या डबीसारख्या खोल्यांपेक्षा आम्हाला दोघांनाही ही जुनी घरं आवडायची. त्यात काही गैर नाही. पण वाचता वाचता एक प्रश्न चिकटून बसला. या जाहिरातींमध्ये जुनेपणा हा एक गुण आहे आणि त्याचे वेगळे पैसे लावलेले आहेत. मग जुनेपणातला फक्त सुंदर भाग विकत घेता येतो का? उरलेल्या भागाचं काय होतं?

बर्मा टीकचंच घ्या. मंडाले जिंकलं जाण्याआधी तिथल्या सागवानाच्या जंगलांत एक मुंबईची कंपनी लाकूड तोडत होती. बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन, स्थापना १८६३. ठरल्यापेक्षा जास्त लाकूड नेऊन कमी पैसे भरल्याचा ठपका ठेवून थिबा राजाच्या दरबाराने कंपनीला भलामोठा दंड लावला. इंग्रजांना युद्धासाठी निमित्त हवंच होतं, ते मिळालं. १८८५ साली काही आठवड्यांत राज्य गेलं आणि १८८६च्या पहिल्या दिवशी ब्रह्मदेश ब्रिटिश साम्राज्यात सामील झाला. राजाला आणून ठेवलं कुठे, तर आपल्या रत्नागिरीत. शाळेच्या सहलीत आपण जो थिबा पॅलेस बघतो, तो त्याच्यासाठी १९१०च्या सुमारास बांधून झाला. १९१६ साली तो तिथेच गेला. परत जाणं काही झालं नाही.

एखाद्या फ्लॅटच्या दाराचं लाकूड नेमकं कोणत्या जंगलातलं, हे कुणी सांगू शकणार नाही. पण मुंबईतल्या दारांना ब्रह्मदेशाचा साग इतका सहज का मिळत होता, याचं उत्तर त्या युद्धापासून वेगळं काढता येत नाही. जाहिरातीत 'बर्मा टीक' हा दर्जाचा शिक्का आहे. रत्नागिरीत तोच शब्द एका माणसाच्या तीस वर्षांच्या कैदेची आठवण आहे.

तुम्ही म्हणाल, हे फार ताणलं. राजा, युद्ध, जंगल, यांचा दादरच्या टू बीएचकेशी काय संबंध? ठीक आहे. मग घराच्या आतच बघू.

एका रविवारी आम्ही असा एक फ्लॅट बघायला गेलो. हॉल देखणा होता. फरशा घासून चमकवलेल्या, खिडकीत गुलमोहर. ब्रोकर आम्हाला स्वयंपाकघरातून मागच्या बाजूला घेऊन गेला. बाथरूमशेजारी एक अरुंद दार होतं. बाहेर गंजलेला लोखंडी गोल जिना, खालच्या बोळापर्यंत. ब्रोकर म्हणाला, "मॅडम, हे तर कुणी वापरत नाही आता. दार बंद करून घ्या, वॉशिंग मशीनला मस्त जागा होते."

तो जिना कशासाठी होता, हे जुन्या मुंबईकरांना सांगावं लागत नाही. संडास साफ करणारा माणूस पुढच्या दाराने येऊ नये, घरातून चालत जाऊ नये, पुढच्या जिन्यावर कुणाला त्याचा स्पर्श होऊ नये, म्हणून तो जिना. म्हणूनच संडास घराच्या मागच्या टोकाला. ही काही एका इमारतीची गोष्ट नाही. शहरातल्या कितीतरी जुन्या इमारतींच्या पाठीला असे जिने लटकलेले दिसतात. तिथे जात कुणी तोंडाने बोलून दाखवण्याची गरज नव्हती. ती नकाशातच काढलेली होती, आणि त्या नकाशावर सही-शिक्का होता.

आता हा परिसरही बघा. १८९६ला मुंबईत प्लेग आला. १८९८ला बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. याच ट्रस्टने कामगारांसाठी बीआयटी चाळी बांधल्या आणि याच ट्रस्टने मध्यमवर्गासाठी दादर-माटुंग्याला रुंद रस्त्यांचे, हवेशीर प्लॉट आखले. डॉ. आंबेडकर या दोन्ही ठिकाणी राहिले. परळच्या बीआयटी चाळीत कित्येक वर्षं, आणि मग १९३०च्या दशकात हिंदू कॉलनीत स्वतः बांधलेल्या राजगृहात, आपल्या हजारो पुस्तकांसह. १९१७ला बडोद्यात नोकरीवर रुजू झाले तेव्हा याच माणसाला राहायला खोली मिळाली नव्हती. पारशी असल्याचं सांगून एका पारशी धर्मशाळेत राहावं लागलं, आणि जात कळल्यावर काठ्या घेतलेल्या लोकांनी त्यांना तिथून हाकललं. राजगृह आणि ते मागचे जिने एकाच काळातले आहेत. एकाच शहराने दोन्ही उभे राहिलेले पाहिले.

घरी परतताना मी हे ताईला सांगितलं. ती वैतागली. "मी काय केलंय यात? मी कुणाला मागच्या दाराने बोलावलं नाही. वीस वर्षं ईएमआय भरणार आहे मी. आता अपराधी पण वाटून घेऊ?"

तिचं बरोबर होतं. अपराध वारसाने येत नाही. जे मी केलं नाही, त्याची शिक्षा मला नको. आयरिस मॅरियन यंग या अमेरिकन तत्त्वज्ञ बाईंनी इथे एक उपयोगी फरक केला आहे. अपराध मागे बघतो, कुणी काय केलं ते विचारतो. जबाबदारी पुढे बघते. एखाद्या अन्यायाच्या रचनेत आपला हात लागलेला असेल, तर ती रचना बदलण्यात आपला वाटा असतो, भले ती आपण उभी केलेली नसो.

पण मला वाटतं, याचं माप आपल्याकडच्या एका साध्या नियमातही आहे. वडील गेले आणि मागे कर्ज राहिलं, तर मुलाने किती फेडायचं? कायद्याचं उत्तर असं की, वडिलांची जेवढी मालमत्ता हातात आली, तेवढ्यापुरतंच. त्याहून एक रुपया जास्त नाही. पण मालमत्ता ठेवून घ्यायची आणि कर्ज माहीत नाही म्हणायचं, हेही चालत नाही.

यावर ताईचा आक्षेप तयार होता. ती काही वारस नाही, तिने पूर्ण किंमत मोजून घर घेतलंय. बरोबर. पण ती किंमत कुणाला मिळाली? विकणाऱ्याला. गुलमोहर त्याने लावला नव्हता, रस्ता त्याने आखला नव्हता, सागवान त्याने तोडलं नव्हतं आणि संडासही त्याने साफ केला नव्हता. ज्यांनी केलं, त्यांच्यापर्यंत या व्यवहारातलं काहीच पोचलं नाही. पूर्ण पैसे देऊनही देणं पूर्ण फिटत नाही, असा हा व्यवहार आहे. शिवाय इतिहास जर किमतीत धरला असेल, 'कॅरॅक्टर आहे' म्हणून काही लाख जास्त लागले असतील, तर तोच इतिहास देण्याच्या बाजूला आला की 'ते जुनं झालं' असं म्हणता येणार नाही. एक तर दोन्हीकडे धरा, नाहीतर दोन्हीकडून सोडा.

फेडायचं कसं, हा खरा अवघड भाग. थिबाला राज्य परत देता येत नाही. जो माणूस तो जिना रोज चढला, त्याचं नावही कुठे लिहिलेलं नाही. म्हणून काही जण म्हणतात की, निदान जिना जपा, पाटी लावा. मला त्याचं फारसं कौतुक नाही. लोखंड जपणं सोपं असतं. आणि वॉशिंग मशीनला माझा विरोधही नाही. मला खटकतं ते हे की, दार बंद झालं म्हणजे गोष्ट संपली, असं आपण धरून चालतो.

कारण ती संपलेली नाही. नव्या टॉवरमध्ये गोल जिना नसतो, 'घरकाम करणाऱ्यांनी आणि डिलिव्हरीवाल्यांनी सर्व्हिस लिफ्ट वापरावी' अशी पाटी असते. आपल्यासाठी स्वयंपाक करणारी मावशी आपल्या कपातून चहा पिते का? सकाळपासून पाच घरं करणाऱ्या बाईला आपल्या घरातलं टॉयलेट वापरता येतं का, की ती दुपारपर्यंत पाणी न पिता काढते? रिनोव्हेशनमध्ये दोन बाथरूम चकाचक होतात. ती कोण घासतं आणि ती कोण वापरू शकतं, याची दोन वेगळी उत्तरं असतील, तर तो जिना आपण आत घेतलाय, एवढंच.

ताईने ते घर घेतलं. मी तिला घेऊ नको म्हटलं नव्हतं, आजही म्हणणार नाही. राहायला गेल्यावर सोसायटीच्या पहिल्याच मीटिंगमध्ये तिने विचारलं की, इमारतीत काम करणाऱ्या बायकांसाठी खाली टॉयलेट का नाही. कुणीतरी म्हणालं, जागा नाही. कुणीतरी म्हणालं, पूर्वीपासूनच नाहीये. विषय पुढच्या मीटिंगवर ढकलला गेला. तोपर्यंत तिने आपल्या घरापुरतं ठरवून टाकलंय: मावशी पुढच्या दाराने येतात, आणि बाथरूमची कडी त्यांनाही आतून लावता येते.